अकारविल्हे नामावली आणि श्रेयाची साक्ष

एकाहून अधिक संशोधकांनी मिळून लिहिलेल्या शोधनिबंधावर त्यांची नावे कोणत्या क्रमाने छापावीत, हा प्रश्न प्रथमदर्शनी मुद्रकाच्या कक्षेतला वाटतो. परंतु त्या क्रमाच्या आधारे नेमणुका होतात, बढत्या मिळतात व नाकारल्याही जातात, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याचे गांभीर्य कळून येते. या प्रश्नाचे उत्तर सर्व विद्याशाखांनी सारखे दिलेले नाही. रसायन, जीवशास्त्र, वैद्यक यांसारख्या प्रयोगप्रधान शास्त्रांत ज्याने प्रत्यक्ष कामाचा मोठा भार वाहिला त्याचे नाव आरंभी येते आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे बहुधा शेवटी. उलटपक्षी गणित, सैद्धांतिक संगणकशास्त्र, अर्थशास्त्र व मूलकणांचे भौतिकशास्त्र या शाखांत नावे अकारविल्हे लावण्याचा प्रघात आहे. हा प्रघात पाळणारे एकंदर विद्याजगतात थोडे आहेत. लुडो वाल्टमन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०११ मधील शोधलेखनापैकी हेतुपुरस्सर अकारविल्हे नामावली दिलेले लेखन चार टक्क्यांहूनही कमी भरले. बहुसंख्यांची रीत एक व या थोड्यांची दुसरी असताना, बहुसंख्यांच्या रीतीवर बेतलेला नियम या थोड्यांना लावला म्हणजे काय होते, आणि या शाखांत व्यक्तीचे श्रेय दाखवावे तरी कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्या देशातील एक उदाहरण प्रथम घेऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने अध्यापकांच्या संशोधनाचे गुणांकन करताना संयुक्त लेखनासाठी पुढील कोष्टक घालून दिले : लेखक दोन असल्यास प्रत्येकास त्या लेखनाच्या एकूण गुणांपैकी ७० टक्के, दोहोंहून अधिक असल्यास प्रथम, प्रमुख अथवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकास ७० टक्के आणि इतर प्रत्येकास ३० टक्के. आता समजा, बापट, करंदीकर आणि उपाध्ये या आडनावांच्या तिघा गणितज्ञांनी मिळून एक प्रमेय सिद्ध केले व ते इंग्रजी नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रोमन लिपीच्या क्रमाने बापट प्रथम येतात, करंदीकर मध्ये आणि उपाध्ये अखेरीस. ‘प्रथम लेखक’ या शब्दांचा अर्थ निवड समितीने अक्षरशः घेतला, तर बापटांना ७० टक्के व उरलेल्या दोघांना प्रत्येकी ३० टक्के मिळतील. तोच निबंध मराठीत लिहून देवनागरीच्या वर्णक्रमाने छापला, तर नावांचा क्रम उपाध्ये, करंदीकर, बापट असा नेमका उलटा होतो. प्रमेय तेच, श्रम तेच. मात्र ७० टक्क्यांचे धनी आता उपाध्ये. लिपी बदलताच जे बदलते ते श्रमाचे माप असू शकत नाही, हे सांगण्यास गणितज्ञाची गरज नाही.

याच कोष्टकातील आणखी एक विसंगती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. लेखक दोन असतील तर नियमाने दोघांना सारखेच गुण दिले आहेत. म्हणजे तेथे क्रमाला अर्थ नाही हे नियमानेच मान्य केले आहे. तिसरा सहलेखक आला की त्याच क्रमाला एकाएकी अर्थ प्राप्त होतो. नियमाशी न्यायाने वागावयाचे तर हेही सांगितले पाहिजे की, त्यात ‘प्रमुख’ हा शब्द आहे, आणि विवेकी समितीला त्याचा आधार घेऊन तिघांनाही प्रमुख ठरविता येईल. परंतु नियमाचे इष्टत्व समितीच्या विवेकावर अवलंबून राहू लागले म्हणजे तो नियम अपुरा आहे असेच म्हणावे लागते. ‘पत्रव्यवहार करणारा’ हा पर्यायही गणितात निरुपयोगी आहे. संपादकाच्या पत्रांना कोणी उत्तरे दिली यावरून सिद्धता कोणाला सुचली हे कळत नाही.

अकारविल्हे क्रमाचे समर्थन करणाऱ्यांची भूमिका आता पाहिली पाहिजे. केंब्रिजचे हार्डी आणि लिटलवुड यांनी सुमारे पस्तीस वर्षे मिळून संशोधन केले व शंभराच्या आसपास संयुक्त निबंध लिहिले. त्यांच्या सहकार्याचे चार नियम हाराल्ड बोर यांनी १९४७ मधील एका व्याख्यानात सांगितले आहेत. त्यांचा आशय असा : एकाने दुसऱ्याला लिहिलेले बरोबर असो वा चूक, त्याला महत्त्व नाही, आलेले पत्र वाचलेच पाहिजे असे बंधन नाही, उत्तर देण्याचे तर नाहीच, एकाच तपशिलावर दोघांनी एकाच वेळी विचार न करणे बरे, आणि दोघांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या निबंधात एकाचा तिळमात्र वाटा नसला तरी हरकत नाही. यांतील चौथा नियम सर्वांत उदार आहे. श्रेयाची वाटणी करावयाचीच नाही असा निश्चय आधी झाल्यामुळे विचारांची देवाणघेवाण निर्वेध होते, हे त्यातील मर्म. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने २००४ साली काढलेल्या निवेदनात हीच परंपरा संस्थेच्या भाषेत मांडली आहे. गणितातील संयुक्त संशोधन हे कल्पनांचे व कौशल्यांचे असे मिश्रण असते की ते व्यक्तिशः वेगळे काढता येत नाही. कोणती कल्पना कोणाची हे ठरविणे पुष्कळदा निरर्थक असते. सहभागी थोडे असतात व त्यांचा वाटा सारखा असतो. म्हणून नावे अकारविल्हे देतात, असे त्या निवेदनाचे प्रतिपादन आहे.

हे निवेदन उपयुक्त आहे याविषयी दुमत नाही. गणिताबाहेरच्या समित्यांना गणिताची रीत समजावून सांगण्याचे काम त्याने केले. तथापि त्याच्या युक्तिवादात एक खाच आहे. वाटा ‘अविभाज्य’ आहे आणि वाटा ‘सारखा’ आहे, ही दोन निरनिराळी विधाने होत. एवढेच नव्हे, तर ती एकमेकांशी जुळतही नाहीत. जे वेगळे काढता येत नाही त्याचे मापही करता येत नाही, आणि ज्याचे माप झाले नाही ते सारखे आहे असे म्हणण्यास आधार कोणता? अकारविल्हे नामावली वास्तविक यांपैकी काहीच सांगत नाही. वाटणीविषयी ती केवळ मौन पाळते. हार्डी व लिटलवुड यांना हे मौन परवडले, याचे कारण ते दोघेही तुल्यबळ होते आणि दोघांचीही स्वतंत्र कीर्ती प्रस्थापित झाली होती. नुकताच पीएच.डी. झालेला तरुण आणि त्याचा मार्गदर्शक यांच्यात चौथा नियम लागू केला, तर त्याची किंमत एकट्या तरुणाला मोजावी लागते.

मौनाची रिकामी जागा तशीच राहत नाही. वाचणारा ती आपल्या कल्पनेने भरतो, आणि ती कोणकोणत्या प्रकारांनी भरली जाते याचे पुरावे आता उपलब्ध आहेत.

पहिला प्रकार आडनावाच्या आद्याक्षराचा. लिरान एनाव आणि लियात यारिव यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात अमेरिकेतील अग्रगण्य अर्थशास्त्र विभागांची छाननी केली. आडनाव वर्णमालेत जितके आधी, तितकी पहिल्या दहा विभागांत कायम नियुक्ती मिळण्याची व इकॉनोमेट्रिक सोसायटीचे सदस्यत्व मिळण्याची शक्यता अधिक, असे त्यांना आढळले. मानसशास्त्रात नावे अकारविल्हे देत नाहीत. तेथे असा संबंध दिसला नाही. या निबंधाचे बळ या तुलनेतच आहे. आडनावाचा वंशाशी किंवा देशाशी संबंध असल्यामुळे हा फरक पडला असेल, ही शंका तुलनेमुळे बरीच दुबळी होते. फरक कशाने पडतो याचा तर्क करणे कठीण नाही. दुसऱ्याच्या निबंधात उल्लेख करताना पहिले आडनाव लिहून पुढे ‘आणि इतर’ म्हणण्याची चाल आहे. बापट कानावर पडत राहतात. करंदीकर आणि उपाध्ये ‘इतरां’त जातात. या चालीपासून बचाव कसा होतो याचे चांगले उदाहरण कानपूरचे आहे. दिलेली संख्या मूळ संख्या आहे की नाही हे कार्यक्षमतेने ठरविण्याची रीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ साली शोधून काढली. यांपैकी शेवटचे दोघे त्या वेळी नुकतेच पदवीचे विद्यार्थी होते. नावे अकारविल्हे असल्याने अध्यापकांचे नाव योगायोगाने प्रथम आले. परंतु जगाने त्या रीतीला तिन्ही आद्याक्षरे जोडून ‘एकेएस’ म्हटले, आणि दोन्ही विद्यार्थी ‘इतर’ होण्यापासून वाचले. मात्र असे भाग्य प्रसिद्ध प्रमेयालाच लाभते. सामान्य निबंधाला नव्हे.

दुसरा प्रकार लिंगभेदाचा. हेदर सार्सन्स यांनी २०१७ साली अमेरिकेतील विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञांच्या कायम नियुक्तीविषयी जे विवेचन प्रसिद्ध केले, त्यावरून असे दिसते की, एकट्याने लिहिलेल्या निबंधाचे मोल स्त्रीपुरुषांना सारखेच मिळते. परंतु संयुक्त निबंधाचे मोल पुरुषाला जेवढे मिळते तेवढे स्त्रीला मिळत नाही, विशेषतः सहलेखक पुरुष असल्यास. समाजशास्त्रात नावे वाट्यानुसार लावतात. तेथे हा भेद त्यांना आढळला नाही. अर्थ उघड आहे. नामावली गप्प राहिली की समिती आपल्या पूर्वग्रहाला बोलू देते.

तिसरा प्रकार कीर्तीचा. ज्याच्याजवळ मान आहे त्यालाच अधिक मान मिळतो, या प्रवृत्तीला रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली बायबलातील वचनावरून ‘मॅथ्यू परिणाम’ असे नाव दिले. विश्वारंभी मूलद्रव्ये कशी निर्माण झाली याविषयीचा एक प्रसिद्ध निबंध १ एप्रिल १९४८ रोजी ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये आला. काम मुख्यतः राल्फ आल्फर या डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याचे, त्याचे मार्गदर्शक जॉर्ज गॅमो यांच्यासमवेत केलेले. गॅमो विनोदी वृत्तीचे होते. आल्फर, बेथे, गॅमो ही नावे ग्रीक वर्णमालेच्या पहिल्या तीन अक्षरांसारखी ऐकू येतात, म्हणून कामात सहभाग नसलेल्या हान्स बेथे यांचे नाव त्यांनी मध्ये घातले. नावे अकारविल्हे होती आणि आल्फर पहिला होता. तरीही दोन नामांकित नावांच्या शेजारी विद्यार्थ्याचा वाटा किरकोळ असणार, असे वाचकांनी गृहीत धरले. आल्फरला याची खंत दीर्घकाळ होती. अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञानपदक त्याला २००७ साली, मृत्यूच्या थोडेच आधी मिळाले. तेव्हा प्रथम स्थानसुद्धा श्रेयाची हमी देत नाही, हा या प्रकरणातील बोध आहे.

या दोषांवर दोन उपाय सुचविले गेले आहेत. देबराज रे व आर्थर रॉबसन यांनी २०१८ साली असा प्रस्ताव मांडला की, नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि तसे केल्याची खूण म्हणून नावांच्या मध्ये वर्तुळातील ‘आर’ हे अक्षर छापावे. त्यामुळे प्रथम स्थानाचा लाभ सर्व आडनावांत सारखा विभागला जाईल. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने या पद्धतीला मान्यता दिली. प्रस्ताव चतुर आहे, आणि त्याची नीती निर्दोष आहे. परंतु वर सांगितलेल्या तीन प्रकारांपैकी तो पहिल्यावरच इलाज करतो. चिठ्ठी मौन मोडीत नाही. मौनाचा तोटा पाळीपाळीने सर्वांना सोसावयास लावते, इतकेच. स्त्री सहलेखिकेला किंवा आल्फरसारख्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग नाही.

दुसरा उपाय वाट्याच्या वर्गीकरणाचा. २०१४ पासून प्रचारात आलेल्या व २०२२ साली अमेरिकन राष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेल्या ‘क्रेडिट’ या पद्धतीत चौदा भूमिका सांगितल्या आहेत : संकल्पना, पद्धती, संगणकप्रणाली, सामग्रीची जोपासना, निधी मिळविणे, देखरेख, पहिला मसुदा इत्यादी. कोणी काय केले ते या यादीवरून निबंधाच्या शेवटी नोंदवितात. प्रयोगशाळेतील कामाला ही पद्धती चांगली लागू पडते. मूलकणांच्या भौतिकशास्त्रात तर अशा काही नोंदीवाचून गत्यंतर दिसत नाही. हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाला ५,१५४ लेखक होते, आणि ३३ पृष्ठांपैकी २४ पृष्ठे नावांनी व संस्थांनी व्यापली होती. तेथे नामावली हा हजेरीपट झाला आहे. परंतु फळ्यासमोर उभे राहून दोघा-तिघांनी शोधलेल्या सिद्धतेला हे चौदा रकाने काय सांगणार? तिघेही ‘संकल्पना’, ‘विश्लेषण’ आणि ‘लेखन’ यांपुढे खूण करतील, आणि आपण होतो तेथेच परत येऊ.

मग गणितासारख्या शाखांत व्यक्तीचे श्रेय दाखविण्याचा मार्गच नाही काय? आहे, आणि तो जुना आहे. हार्डी व रामानुजन यांचा संख्यांच्या विभाजनांविषयीचा निबंध १९१८ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. दिलेल्या पूर्ण संख्येची फोड लहान संख्यांच्या बेरजेत किती प्रकारांनी करता येते, हा त्याचा विषय. २०० या संख्येसाठी हे प्रकार ३९,७२,९९,९०,२९,३८८ इतके आहेत. मॅकमोहन यांनी ही संख्या परिश्रमपूर्वक स्वतंत्रपणे काढली होती, आणि निबंधातील सूत्राची केवळ आठ पदे घेतली असता उत्तर तिच्याशी ०.००४ इतक्या फरकाने जुळले. निबंधावर नावे हार्डी, रामानुजन या क्रमाने आहेत. वर्णक्रमाने तीच येणार. या क्रमावरून कोणी म्हणेल, रामानुजन दुय्यम होते. रामानुजनांच्या कीर्तीवरून दुसरा म्हणेल, हार्डींनी केवळ लेखन केले. दोन्ही अनुमाने चुकीची आहेत, हे आपल्याला कळते ते लिटलवुड यांच्यामुळे. रामानुजनांचे समग्र निबंध १९२७ साली प्रकाशित झाले. त्यांवर लिटलवुड यांनी १९२९ मध्ये ‘मॅथेमॅटिकल गॅझेट’मध्ये परीक्षण लिहिले व या प्रमेयाची जडणघडण उलगडून दाखविली. इतके अचूक सूत्र असलेच पाहिजे हा आग्रह रामानुजनांचा होता. त्या आग्रहाला सिद्धतेपर्यंत नेणारी फलनसिद्धांताची साधने एकट्या रामानुजनांच्या हाती लागण्यासारखी नव्हती, ती हार्डींची. तो आग्रह रामानुजनांच्या ठायी कोठून आला, याचे नवल लिटलवुड यांनी मोकळेपणाने व्यक्त केले आहे. भिन्न प्रतिभेच्या दोघांनी आपापले सर्वोत्तम त्यात घातले, असा त्यांचा निर्णय आहे.

या परीक्षणाने नावांचा क्रम बदलला नाही, टक्के वाटले नाहीत, रकाने भरले नाहीत. तरी व्यक्तीचे श्रेय इतके स्पष्ट झाले की त्यात दोघांपैकी कोणाचीही हानी नाही. ज्या वाट्याचे माप होत नाही त्याचे वर्णन मात्र होऊ शकते. २००४ च्या निवेदनाने ज्या कारणासाठी वाटणी निरर्थक ठरविली, ते कारण वर्णनाला बाधक नाही. येथे आपल्याला हवी असलेली भेदरेषा सापडते : नामावलीने मौन पाळावे, पण कोणीतरी जाणत्याने साक्ष द्यावी. नामावली आणि साक्ष ही दोन कामे आहेत. ती एकाच साधनाकडून करून घेण्याच्या हट्टातून वरील सारे घोटाळे उद्भवले आहेत.

प्रत्येक तरुण संशोधकाला लिटलवुडसारखा परीक्षक मिळणार नाही, हे खरे. म्हणून विभागाने साक्षीची साधी व्यवस्था करावी. अर्जदाराने आपल्या निवडक तीन-चार संयुक्त निबंधांविषयी प्रत्येकी आठ-दहा ओळींचे टिपण द्यावे : प्रश्न कोठून आला, अडचण कोठे होती, ती कशी सुटली, आणि त्यात आपण कोठे होतो. टिपण सहलेखकांना दाखवून त्यांची संमती घ्यावी. बाहेरील परीक्षकांना पत्र पाठविताना त्या शाखेत नावे अकारविल्हे लावतात हे आरंभीच नमूद करावे, आणि अर्जदाराच्या विशिष्ट वाट्याविषयी स्पष्ट प्रश्न विचारावा. समितीतील निदान एका सदस्याने निवडलेल्यांपैकी एक निबंध वाचलेला असावा.

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला, अशा टिपणांनी आत्मस्तुतीला वाव मिळेल. सहलेखकांच्या संमतीची अट त्यासाठीच आहे. शिवाय आठ ओळींत प्रमेयाची अडचण सांगावयाची म्हणजे ती कळलेली असावी लागते, आणि न कळणारा तेथेच उघडा पडतो. दुसरा, सहलेखकांत तंटे होतील. टक्के मागितले तर होतील, कारण एकाचे वाढले की दुसऱ्याचे घटतात. वर्णनात तसे होत नाही. तरीही संमती देताना मार्गदर्शक विद्यार्थ्यावर दडपण आणू शकेल, ही भीती मात्र सर्वस्वी दूर होत नाही, हे कबूल केले पाहिजे. बाहेरील परीक्षकाला वेगळे विचारावयाचे ते याच कारणासाठी. तिसरा आक्षेप वेळेचा. पन्नास अर्जांचे गुण कोष्टकाने अर्ध्या तासात काढता येतात. टिपणे वाचण्यास दोन दिवस लागतील. हे निर्विवाद आहे. पण नेमणूक तीस वर्षांची असते, आणि त्या मानाने दोन दिवस फार नाहीत.

कोष्टक पाळण्याचे बंधन असेल तेथे विभागाला निदान एवढे करता येईल : गणित व तत्सम शाखांतील तिघांच्या किंवा अधिकांच्या निबंधात सर्वांनी मिळून तसे लेखी कळविल्यास ‘प्रमुख’ या शब्दात सर्वांचा समावेश करावा, आणि त्याचे कारण इतिवृत्तात नोंदवून ठेवावे. बापट, करंदीकर व उपाध्ये यांनी मिळून सिद्ध केलेले प्रमेय त्यानंतर रोमन लिपीत छापले काय आणि देवनागरीत छापले काय, तिघांच्या अर्जांवरील गुण सारखेच राहतील. त्या तिघांत कोणी कोणती अडचण सोडविली हे समितीला जाणून घ्यावयाचे असेल, तर टिपणे समोर असतील आणि निबंधही समोर असेल.